हातभर उंच जमीन

नकाशा टेबलावर पसरला की ते आधी त्याच्यावर कान टेकवत. डॉक्टर पेशंटच्या पाठीवर टेकवतो तसा. मग एक डोळा मिटून दुसरा कागदाच्या पातळीत आणायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहायचे. कागद सपाट, शाई सपाट, टेबल त्यातल्या त्यात सपाट. तरी त्यांना तिथे उतार दिसत असावा, कारण बऱ्याच वेळाने मान वर करून ते विचारायचे, "हे सारं ठीक आहे. पाणी कुठं जाते ते सांगा मले."

आमच्या कार्यालयात ते आरेखक होते. कार्यालय पवनीकडचं. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण मी अजून त्याच खात्याचा पगार खातो. काळ ऐंशीच्या दशकाच्या शेवटाचा. मी तिथे नवा टंकलेखक. सगळे त्यांना नकाशेवाले भाऊ म्हणत, तेवढं नाव तुम्हालाही पुरे. खरं नाव सांगायला माझी हरकत नसती, पण त्यांचं एक खोटं अजून सरकारी फायलीत सुखाने झोपलं आहे आणि ते मीच टाईप केलेलं आहे.

ट्रेसिंगच्या कापडावर काळी रेघ ओढताना ते श्वास धरत. पंखा बंद करावा लागे. रेघ पुरी होईपर्यंत कोणी शिंकायचं नाही असा नियम होता. एकदा आमच्या साहेबांनाच शिंक आली आणि कोंढ्याच्या एका कालव्याला नको तिथे वळण मिळालं. भाऊंनी ते ब्लेडने खरवडून काढलं, पण साहेबांशी दोन दिवस बोलले नाहीत. साहेबांनीही ते मुकाट्याने सोसलं. जिल्ह्यात असा हात दुसरा नव्हता.

आता मला एकट्याला माहीत असलेली गोष्ट सांगतो. तो हात कापायला लागला होता. चहाची बशी वाजायची, म्हणून ते चहा पेल्यातून मागत. लांब रेघ दोन तुकड्यांत ओढायचे आणि जोड असा लपवायचे की देवालाही सापडू नये. एकदा माझ्यासमोर निब घसरली. त्यांनी कापड उलटं केलं आणि म्हणाले, "रिटायर व्हाले तीन वर्षं आहेत. तोवर हात चालते का नाही, सांगता येत नाही. कोणापाशी बोलजो नको."

अशा वेळी नागपूरहून ते तरुण साहेब आले. नव्यानेच बाहेर शिकून आलेले, आणि त्यांच्या कार्यालयात कॉम्प्युटर बसला होता. त्यांनी एक लांब कागद टेबलावर सोडला. कडेला भोकं असलेला, घडीवर घडी. त्यावर बारीक रेघांची जाळी, मधे फुगलेली, एका बाजूला खचलेली. आमच्या हेडक्लार्कांना ती मच्छरदाणी वाटली. शिपायाला मासे धरायचं जाळं. मला वाटलं, कोणीतरी खाट विणता विणता जेवायला गेलं आहे.

"ही जमीन आहे," साहेब म्हणाले.

भाऊंनी कान टेकवला. मग साहेबांनी समजावलं ते मी आज जसं आठवतं तसं सांगतो, चूक असेल तर माझी. म्हणे, जागेवर दहा-दहा मीटरवर जमिनीची उंची मोजायची, ते आकडे मशीनमध्ये भरायचे. मशीन त्यावरून अख्खी जमीन कागदावर उभी करतं. एवढंच नाही, तिथे बाग करायची तर माती कुठे खोदायची, कुठे टाकायची, पायवाट कशी न्यायची आणि कोणत्या जागी कोणतं झाड लावायचं, हेही तेच ठरवतं. प्रोग्रॅम हुशार आहे.

"मशीनले जमीन दिसते का जी?" मागून कोणीतरी विचारलं.

हा सोमाजी, आमचा खलाशी. खलाशी म्हटल्यावर होडी शोधू नका. मोजणीच्या वेळी आकड्यांची लांब पट्टी हातात धरून उभा राहणारा माणूस म्हणजे खलाशी. सोमाजी आसगावचा, घरचं चार बांध्यांचं, म्हणजे चार खाचरांचं धान, आणि इकडे अकरा वर्षं रोजंदारीवर. त्याला कायम करायचा कागद नागपूरला गेलेला होता. त्या कागदावर एक वाईट शेरा पडला असता तर तो कायमचा परत आला असता.

साहेब हसले. दिसत नाही म्हणाले, आकड्यांवरून ओळखतं. सोमाजी माझ्या कानाशी कुजबुजला, "म्हणजे आंधळं आहे."

साहेबांनी पहिलं काम ठरवलं ते अड्याळकडच्या एका तलावाच्या पाळीखालची सरकारी जागा. तिथे बाग होणार, आणि ती मशीन आखणार. तिथेच ते भाऊंना म्हणाले की नागपूरला मशीनजवळ एक अनुभवी आरेखक हवा आहे. हे काम नीट झालं तर तुमचंच नाव.

भाऊंनी काही दाखवलं नाही. पण बाहेर आल्यावर मला विचारलं, "मशीनचा हात कापते का रे?" मी म्हटलं, मशीनला हातच नाही. त्यावर ते जे हसले तसं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या इंग्रजी टाईपरायटरला पट्टी लावून कॉम्प्युटरचे सगळे खटके जाड कागदावर आखले, खऱ्या मापाचे. दुपारी डबे झाले की तो कागद पसरायचा. मी टाईपवाला म्हणून गुरू. मी अक्षर सांगायचं, त्यांनी बोटाने ठोकायचं. शिपाई डोकावून विचारायचा, "भाऊ, हे वाजत काहून नाही?" ते मान वर न करता सांगायचे, "नागपूरवालं वाजते." महिन्याभरात ते न बघता ठोकू लागले. जगात कुठेच न उमटलेली किती पत्रं त्या कागदावर लिहिली गेली असतील, कोण जाणे.

मोजणीला आम्ही तिघे गेलो. ओव्हरसियर तापाने पडला होता, म्हणून दुर्बिणीला डोळा लावायला स्वतः भाऊ. छत्री धरून आकडे लिहायला मी. पट्टी धरायला सोमाजी. जागा सरकारी खरी, पण गावातला एक जण तिथे वर्षानुवर्षं धान लावत आलेला. त्याने हात जोडून शेवटचं पीक मागून घेतलं होतं. त्यामुळे सगळ्या बांध्या धानाने भरलेल्या, कमरेएवढं हिरवं, लोंब्या अजून पोटात. दुर्बिणीतून पट्टीचा वरचा भाग दिसायचा, खाली नुसतं धान. भाऊ आकडा सांगायचे, मी लिहायचो. दोन दिवसांत काम संपलं आणि आकडे नागपूरला गेले.

तुम्ही आता मला विचाराल, तू तर दुर्बिणीत बघत नव्हतास, तुझे डोळे मोकळे होते, तुला काही दिसलं नाही का? दिसलं. सोमाजी बांधीच्या मधे जात नव्हता, जवळच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर उभा राहत होता. पण मला वाटलं, मोजणी अशीच करतात. पहिल्यांदाच गेलो होतो.

दिवाळीनंतर कागद आला. साहेब स्वतः घेऊन आले. जाळी या वेळी अगदी सपाट होती, ताणून बांधलेल्या चादरीसारखी. मशीनचं म्हणणं असं की ही जागा उंच, कोरडी. तलावाचं पाणी तिच्यावर चढणारच नाही. तेव्हा इथे हिरवळ नको. दगड मांडावेत आणि निवडुंग, घायपात, कोरफड लावावी.

आमच्या भागात जिथे चार महिने गुडघाभर चिखल असतो, जिथे म्हैस बसली तर उठायला माणसं बोलवावी लागतात, तिथे निवडुंग. हेडक्लार्क म्हणाले, नागपूरची जमीन चुकून इकडे छापली असेल. शिपाई म्हणाला, मशीनला अड्याळ सापडलं नाही. साहेब घामाघूम. वरच्या साहेबांना ते मशीन कधी चुकत नाही असं सांगून बसले होते. आता मशीन खरं की म्हैस खरी, हे कोणालाच ठरवता येईना. मी तर त्या दिवशी स्वतःच्या पायाखालच्या फरशीबद्दलही खात्री दिली नसती.

भाऊ त्या कागदावर कान टेकवून इतका वेळ राहिले की साहेबांना वाटलं झोपले. मग उठले आणि म्हणाले, उद्या सांगतो.

संध्याकाळच्या आत आम्ही तिघे पाळीवर उभे होतो. धान कापून झालं होतं. उघड्या बांध्या खाली, आणि त्यांच्याभोवती धुरे, हातभर उंच, सगळीकडे सारखे. भाऊ त्या धुऱ्यांकडे बघत राहिले. मग आवाज न चढवता विचारलं, "सोमाजी, पट्टी कुठं धरली होती तू?"

"धुऱ्यावर जी."

"सारीच?"

"जिथं धान होतं तिथं सारीच. धान गरवार होतं भाऊ. त्याच्या पोटावर पाय कसा देऊ?"

मशीनला म्हणजे सोमाजीने फक्त धुरे सांगितले होते. मशीनने धुऱ्यावर धुरा जोडला आणि अख्खी जमीन हातभर वर उचलून ठेवली. त्याच्यापुरतं ते खरंच बोललं होतं.

भाऊ पाळीवर बसले. सोमाजी विचारत होता, चुकलं का जी, आता पट्टी पुन्हा धरतो, आताच धरतो, धान निघालं ना. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मलाच म्हणाले, "याचा कागद अजून नागपूरलेच आहे न?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे ते उभे राहिले आणि म्हणाले की पट्टी धुऱ्यावर धरली गेली. धान तुडवू नये म्हणून तसं करायला खलाशाला मीच सांगितलं होतं.

सोमाजी दाराशी होता. तो लगेच पुढे आला. "नाही जी साहेब, मले कोणी नाही सांगितलं. मीच आपल्या मनानं..."

"तू चूप राह्य," भाऊ म्हणाले. वीस वर्षांत त्या कार्यालयात त्यांचा आवाज चढला तो तेवढाच. सोमाजी एवढा गोंधळला की त्यानंतर दोन दिवस तो मला विचारत होता, भाऊंनी मला खरंच सांगितलं होतं का, मीच विसरलो का. मी म्हटलं, सांगितलं असेल. काय करता.

आता गंमत बघा. साहेबांना राग यायच्या आधी हायसं वाटलं. "म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता," ते दोनदा म्हणाले. मग त्यांना राग आठवला. म्हणाले, एवढ्या वर्षांचा माणूस असून असं सांगता? मी तुम्हाला मशीनजवळ बसवणार होतो. भाऊ म्हणाले, "होय न साहेब." आणि लेखी खुलासा द्यायला माझ्या टेबलाशी आले.

मी टाईप करेना. हळू आवाजात म्हटलं, भाऊ, हे खोटं आहे आणि तुमचं नागपूर जाईल. नुसतं लिहू, खलाशाची समजुतीची चूक.

"मंग शेरा कोणावर पडते?"

मी कार्बन पुन्हा सरळ करत बसलो.

"माह्या नोकरीवर शेरा पडला तर नोकरी राह्यते. त्याची तर अजून सुरूच नाही झाली. कर टाईप."

मी टाईप केलं, तीन प्रतींत. खाली सही करताना त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं.

नागपूरला दुसऱ्या कार्यालयातला एक मुलगा गेला. त्याचा आदेश सर्वांनी वाचून सही करायची होती, तो मीच भाऊंपुढे ठेवला. त्यांनी वाचला, सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. बाग झालीच नाही. फेरमोजणी झाली, फाईल मोठी झाली, साहेब बदलून गेले. मशीनचं शेवटी काय मत पडलं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. पुढच्या जूनमध्ये भाऊंची गोंदियाकडे बदली झाली, जुने नकाशे जपायच्या खोलीत. तिथे रेघ ओढावी लागत नाही, असं त्यांनी एका कार्डात लिहिलं होतं. अक्षर पुसट आणि वाकडंतिकडं. त्यानंतर कार्ड नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही कुणाकडून तरी, उडत उडत.

पण बदलीच्या आधीची एक दुपार मला सांगितली पाहिजे. सोमाजीच्या कायम होण्याचा आदेश आला होता. त्याचं सेवापुस्तक उघडायचं होतं. बापाचं नाव झालं, गाव झालं, ओळखीची खूण म्हणून कोपराखालचा विळ्याचा व्रण झाला. मग उंचीचा रकाना आला. माप घ्यायला कार्यालयात टेप सापडेना. भाऊ उठले, कोपऱ्यातली मोजणीची पट्टी आणली, भिंतीला उभी केली आणि सोमाजीला तिच्यापुढे उभं केलं.

"चपला काढ."

"काढल्या जी."

"टाच टेकली?"

"टेकली."

भाऊंनी त्याच्या डोक्यावर वही आडवी धरली. वही थरथरत होती. दुसऱ्या हाताने त्यांनी ती दाबून धरली, खाली वाकून एकदा त्याच्या टाचा पाहिल्या, मग मला आकडा सांगितला. एक मीटर एकसष्ट. मी लिहिला, आणि आम्ही दोघे पुढच्या रकान्याकडे वळलो.

खलाशाचा एक नियम असतो. दुर्बिणीमागून हात हलल्याशिवाय तो जागा सोडत नाही. आम्ही अर्ध्या पानावर आलो तेव्हा माझं लक्ष गेलं. सोमाजी अजून पट्टीला पाठ लावून, मान ताठ करून, समोर बघत उभा होता. मी भाऊंना खूण केली. त्यांनी बघितलं आणि हात वर केला.