सीताफळाखालची लेक

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगते. परळीच्या वैजनाथाला वैद्यांचा नाथ म्हणतात. माझी चार वर्षांची लेक तापानं गेली तेव्हा या वैद्यानं डोळासुद्धा उघडला नाही. आमच्यात दहन नसतं, माती देतात. घाटनांदूरजवळच्या आमच्या शेतात, बांधाकडेला तिला ठेवलं आणि उशाशी मी सीताफळाचं रोप लावलं. रोज पाणी घालायचे, तिच्याशी बोलायचे. बाईला खूळ लागलंय, असं लोक म्हणायचे. लागलं होतंच.

पुढं विहीर आटली. गावात एसटीडीचा फोन नवा नवा आला होता, त्यावर दिरानं निमाडातून कळवलं की नर्मदेकाठी जमीन मिळतेय, पाणी बारमाही. इथलं रान विकून तिकडं जायचं आमच्या ह्यांनी ठरवलं. त्यांची काय चूक? दोन पोरं जगवायची होती. पण लेकीला कोण बघणार? घेणारा ते झाड ठेवील कशाला?

गाडी परळीहून होती. आधी देवळात गेले. तिथं पिंडीला हात लावता येतो. दोन्ही हात टेकवून म्हटलं, तुला बरं करता आलं नाही, निदान सांभाळ तरी. फूलही वाहिलं नाही. बाहेर पायरीवर बसले आणि रडू आवरेना.

शेजारी एक धनगराची म्हातारी बसली होती. "कावून रडायलीस, माय?" म्हणाली. ओळख ना पाळख, पण मी सगळं सांगितलं. सुगी झाली की त्यांच्या मेंढ्या आमच्याच शिवारात बसायच्या. तिनं बांध कुठला, झाड कुठलं, नीट विचारून घेतलं आणि माझा हात धरला.

"तू जा. तुजी दोन लेकरं वाट बघत्यात. तिच्याकडं मी बघते."

तेवढ्यात हे बोलवायला आले. तिचं नाव विचारायचं राहिलं. खरं तर माझा विश्वासही बसला नव्हता; वाटेवरच्या माणसाचं बोलणं वाटेवरच राहतं, असं वाटलं.

निमाडात पोरं अंगानं भरली. माझा जीव मात्र त्या बांधावरच. काही वर्षांनी दिवाळीला माहेरी आले आणि भीत भीत शेतात गेले. झाड होतं! माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, फळांनी लगडलेलं, बुडाशी काट्यांचं कुंपण. नव्या मालकानं सांगितलं, झाड तो तोडणारच होता, पण एक धनगराची म्हातारी दर साली यायची, पाणी घालायची, काटे बदलायची.

"मी इचारलं, तुमचं काय हाय हितं? तर म्हणली, माजी लेक हाय." त्यानं कुंपणाकडं बोट दाखवलं. "औंदा ती वारली म्हणं. मग काटे मीच लावले."

जिचे पाय धरायचे ती गेली होती.

ती कोण होती, याचा वाद मी घालत नाही. एक फळ घेऊन वैजनाथाला गेले, पिंडीला हात लावला. सांभाळ म्हणायला तोंड उघडलं, पण त्यानं तर कधीचंच सांभाळलं होतं. देवावर सोपवूनही मूठ आवळून बसले होते ती मीच. लेक काही परत येणार नाही. फळ तिथं ठेवलं, लेकीचं नाव घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, देवाला काही न बोलता पोटभर रडले.