मुखवटेवाला खोटं करतो का?

बाबांना सांगायचं नाही, हे भावाने पुण्यातून फोनवर ठरवलं आणि बडोद्यात ते पार पाडायचं काम माझ्याकडे आलं. बाबांच्या पोटातली गाठ साधी नव्हती. आम्ही त्यांना अल्सर सांगितला होता. डॉक्टरांना आधी मी एकटी भेटायची, मग बाबांना आत बोलवायचं, आणि मग डॉक्टर त्यांच्याशी तिखट कमी करण्याबद्दल बोलायचे. "कळलं तर खचतील ते," भाऊ म्हणायचा. पुण्यात बसून असं म्हणायला काय जातं? रोज त्यांच्यासमोर बसून जेवायचं होतं मला, आणि माझ्या पोटात कधी काही राहत नाही.

त्यात घरात तो मुखवटेवाला शिरला. सातवीतल्या माझ्या लेकीला कॉमिक्सचं वेड. बाबांना ती बारीक इंग्रजी अक्षरं दिसत नाहीत, म्हणून दुपारी त्यांच्या खाटेवर बसून ती चित्रं दाखवत मराठीत गोष्ट सांगायची. नायक एरवी साधा नोकरदार, मुखवटा चढवला की अख्ख्या शहराचा रखवालदार. बायकोला यातलं काही ठाऊक नाही. तिला वाटतं, नवरा ओव्हरटाइम करतो.

"तो खोटं करतो, आजोबा," लेक म्हणाली.

हा आमचा बडोद्याचा घोळ. गुजरातीत खोटं म्हणजे असत्य, आणि चुकीचं तेही खोटंच. घरात येताना गुजराती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची, असा बाबांचा नियम. पण लेक फतेगंजातल्या गुजराती पोरांत खेळून वाढलेली. एकदा ती "माझे दोन दाखले खोटे पडले" म्हणत घरी आली. बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत दाखले तपासण्यात गेलेली. ते सदरा चढवून थेट शाळेत जायला निघाले. दाखले म्हणजे गणितं होती आणि ती चुकली होती, हे कळेपर्यंत ते जिन्यात पोचले होते.

"खोटं बोलतात, आणि करतात ती चूक," बाबांनी तिला समजावलं. "तो खोटं बोलतो, पण चूक करत नाही. बायकोच्या भल्यासाठीच करतोय ना?"

"म्हणजे दोन्ही वेगळं असतं?"

"अर्थात."

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. ज्यांना मी फसवत होते त्यांनीच माझ्या बाजूने निकाल दिला होता. पण मी कणीक मळता मळता उगाच लेकीवर खेकसले, की अभ्यास नाही का तुला. त्या मुखवटेवाल्याचा मला भयंकर राग यायला लागला होता. तुझं भलं कशात आहे, हे त्याने बायकोला एकदा तरी विचारलं होतं? आणि मला तरी हे काम कोणी दिलं होतं? भावाने? त्याला कोणी दिलं?

पुढच्या अंकात खलनायक त्याच्या घरी पोचला. भल्या माणसासारखी बेल वाजवून. बायकोने दार उघडलं, या म्हणाली, पाणी विचारलं.

"तिला माहीत असतं तर तिने दार उघडलं असतं का?" लेकीने विचारलं. बाबा चादरीची घडी करत राहिले.

त्याच आठवड्यात बाबांचं कपाट आवरताना स्वेटरखाली गोळ्या सापडल्या. पाकिटंच्या पाकिटं, न फोडलेली. "अल्सरला एवढ्या कशाला?" बाबा शांतपणे म्हणाले. "मळमळतं त्यांनी. मी ताक वाढवलंय."

मी भावाला विचारत बसले नाही. तिथेच खाटेच्या कडेला बसून सगळं सांगून टाकलं, उलटसुलट, मधेच रडत.

बाबांनी माझ्या हातातली पाकिटं घेऊन मांडीवर ठेवली. आता विचारतील, किती दिवस आहेत माझ्याकडे, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. ते म्हणाले, "मला खोटं लागलं, बाळ."

मन दुखावलं की गुजरातीत असं म्हणतात. घरात बाबांच्या तोंडून गुजराती मी तोवर ऐकली नव्हती. त्यांना दुसरा शब्द सापडला नसावा. मलाही अजून सापडलेला नाही.

गोळ्या त्यांनी त्या दिवसापासून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या तपासणीला मात्र केबिनपाशी पोचल्यावर मला म्हणाले, "तू बाहेर थांब." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. दाराला कान लावायचीही लाज वाटली नाही, पण आतून नुसता एसीचा आवाज येत होता. बाबा बाहेर आले ते चष्मा पुसतच.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"सगळं ठीक आहे. चल, भूक लागलीय."

मी डॉक्टरांकडे जायला वळले, तर बाबा माझ्याकडे बघत नुसते उभे राहिले. मी परत फिरले. त्यांच्या मागून जिना उतरताना, बाबा खरं सांगताहेत की माझ्या भल्यासाठी सांगताहेत, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.