मशीनच्या पोटातल्या चाली

अमेरिकेतल्या माझ्या घरी आजवर एकच प्रसिद्ध माणूस राहून गेला, आणि तो मला चोर म्हणतो.

हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचा मावसभाऊ मधुदादा. हिंदी सिनेमाचा संगीतकार. आधी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत अ‍ॅकॉर्डियन वाजवला, मग एका पिक्चरला स्वतः संगीत दिलं. तो चालला, आणि त्या एका पिक्चरवर पुढे प्रत्येक लग्नात त्याला पहिल्या पंगतीत पहिलं पान मिळत राहिलं. पण ऐंशीच्या दशकात सगळ्यांना डिस्को हवा झाला. निर्मात्याने निक्षून सांगितलं, अमेरिकेतून नव्या आवाजातल्या सहा चाली आणा, नाहीतर पिक्चर दुसऱ्याला देतो. तो दुसरा कोण, तर मधुदादाच्याच हाताखाली ढोलक वाजवलेला पोरगा! म्हणून मधुदादा डेट्रॉइटजवळ, नोव्हायला, आमच्याकडे येऊन थडकला. त्याला सिंथेसायझर हवा होता, हरतऱ्हेच्या वाद्यांचे आवाज काढणारी मशीन.

आता, मी कोण? रिकाम्या खिशाने या देशात उतरलेला आणि आज मोटारकंपन्यांना नटबोल्ट विकणारा माणूस. त्यांच्या पर्चेस मॅनेजरना मी रडवलंय. (एक तर खरंच रडला होता. त्याचा घटस्फोट चालू होता, हे नंतर कळलं.) वाद्यांच्या दुकानात मी विक्रेत्याशी भरपूर घासाघीस केली. तो नुसता हसत राहिला. शेवटी मी माझं हुकमी अस्त्र काढलं. "राहू दे," म्हणालो आणि ताडताड बाहेर पडलो. आपल्याकडे दुकानदार पायरी उतरायच्या आत हाक मारतो. मी गाडीत बसून हाकेची वाट पाहिली. गाडीच्या काचा बर्फाने पांढऱ्या झाल्या. मग मधुदादा कुडकुडत आला.

"दाजी, तो केव्हाच जेवायला गेला."

तणतणत परत आत गेलो, तेव्हा भिंतीवरची पाटी दिसली: महिन्याभरात माल परत आणल्यास पूर्ण पैसे परत. मी एक शब्द न बोलता छापील किमतीला मशीन घेतली. विक्रेत्याला वाटलं, हा हरला. मधुदादाला वाटलं, मी त्याला मशीन भेट दिली. त्याचे डोळे भरून आले. कलावंत माणसाला हिशेबात कशाला ओढायचं, म्हणून मीही काही बोललो नाही.

घरी मात्र, मधुदादाच्या अपरोक्ष, योजना सांगितली: महिनाभर वापरायची आणि शेवटच्या दिवशी परत करायची. बायकोने, सुनंदाने, कपाळाला हात लावला.

"डॅड, दॅट्स चीटिंग," आमची रश्मी म्हणाली.

"नो. दॅट्स बिझनेस."

महिनाभर बेसमेंटमधून अशी धडधड वर येत होती की सुनंदाच्या पोळ्याही डिस्कोत लाटल्या जाऊ लागल्या. शेवटच्या दिवशी ती मधुदादाला सेंट आणि शेव्हिंग क्रीमच्या खरेदीला मॉलमध्ये घेऊन गेली. मी मशीन गाडीत घातली आणि दुकान गाठलं. त्याच विक्रेत्याने, न हसता, माझे सगळे पैसे परत मोजले. आयुष्यातला सर्वात आनंदाचा क्षण! (रश्मीचा जन्म धरून. तिला सांगू नका.)

संध्याकाळी मधुदादा बेसमेंटमध्ये उतरला आणि तसाच वर आला.

"दाजी, मशीन कुठंय?"

"रिटर्न केली."

"आणि चाली?"

"कसल्या चाली?"

"सहाच्या सहा. मशीनच्या पोटात होत्या."

मी म्हणालो, तुम्हीच केल्यात ना, मग म्हणा आणि करा टेप. तेव्हा उलगडा झाला, की मधुदादा जन्मभर नुसता गुणगुणत आला होता, लिहून ठेवायला शेजारी मदतनीस असे. या वेळी मदतनीस म्हणजे मशीन. त्याला आठवून आठवून दीड चाल आठवली, आणि त्यातली अर्धी दुसऱ्या कुणाची तरी निघाली. दोन दिवसांनी त्याचं विमान होतं, मुंबईत स्टुडिओ ठरला होता आणि ढोलकवाला टपून बसला होता. सुनंदाने माझ्याशी बोलणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सगळे दुकानात. मशीन आदल्या संध्याकाळीच विकली गेली होती. कुणाला, ते विक्रेता सांगेना. मी ओरडलो, तो हसला. सुनंदा "प्लीज" म्हणाली आणि त्याने नकाशा काढून दिला. तळ्याकाठचं चर्च!

आत उद्याच्या प्रार्थनेची तालीम रंगात आली होती. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत गात होती. मधुदादा दारातच थबकला.

"दाजी, हे खलनायकाच्या अड्ड्यावरचं गाणं आहे," तो कुजबुजला. "यावर नर्तकी पांढरी पिसं लावून नाचणार आहे."

झालं होतं असं, की तिथल्या वादक आजीबाईंनी एक बटण दाबलं आणि आतून तयार गाणी निघाली. मशीनबरोबर मिळतच असतील, असं समजून त्यांनी त्यावर देवाचं नाव बसवलं होतं.

मी पाद्रीबुवांना गाठून मशीनचा सौदा सुरू केला. "आम्हाला विकायची नाही," ते प्रेमाने म्हणाले. मी रक्कम वाढवली, ते आणखी प्रेमाने तेच म्हणाले. तेव्हा मी हुकमी अस्त्र काढलं. (माणूस एकदा तरी शिकेल, असं तुम्हाला वाटलं असेल.) गाडीत बसून पाय बधिर झाल्यावर आत गेलो, तर सगळं मिटलं होतं! मधुदादा मशीनवर, शेजारी आजीबाई, आणि रश्मी कॅसेटवर सहाच्या सहा चाली टेप करतेय. बदल्यात त्याने ती अड्ड्यावरची चाल चर्चलाही कायमची गायला देऊन टाकली होती. फुकट! त्या चालीवर मी मशीन तर सोडवलीच असती, वर आजीबाईंच्या खुर्चीचाही भाव केला असता.

पिक्चर बेताचाच चालला, पण ते अड्ड्यावरचं गाणं, चर्चमधल्या टाळ्यांसकट, गल्लोगल्ली वाजलं. ढोलकवाला ढोलकवर राहिला. मधुदादाच्या मुलाखती छापून येऊ लागल्या. त्यातली एक सुनंदा येईल त्या पाहुण्याला वाचून दाखवते: अमेरिकेत एका चोराने माझी मशीन पळवली आणि चार कवड्यांना चर्चला विकली, पण देवाने माझ्या चाली राखल्या.

चोर म्हणा, माझी हरकत नाही, घरचे आहात. पण चार कवड्यांना? मी? रिफंडची पावती मी तेव्हापासून पाकिटात ठेवतो आणि मुलाखत वाचून झाली की प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. पै न् पै वसूल! पाहुणे पावती नीट वाचतात, मान डोलावतात, आणि निघताना हळूच आपापला खिसा चाचपून बघतात.