खंडेनवमीचं मेण

हुबळीत ज्याच्या दारात चाक आहे तो माणूस खंडेनवमीच्या सकाळी देवाच्या आधी चाकाकडं बघतो. सायकल असू दे नाहीतर लॉरी, तिला धुवायची, झेंडू घालायचा, चाकाखाली लिंबू चिरडायचं. पण देशपांडे नगरातल्या डॉक्टर-वकिलांचं नुसत्या धुण्यानं भागत नव्हतं. बॉनेटात आपलं तोंड दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आणि तसं बॉनेट करणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता, केदारी.

केदारी मूळचा रंगारी. पंधरा वर्षं गॅरेजात फवाऱ्यानं गाड्या रंगवल्या, तोंडाला फडकं म्हणून बांधलं नाही. बाहेरून गाड्या रंगल्या, आतून छाती. अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तसं दहा पावलं टाकली की त्याला भिंत धरावी लागायची. मग बायको दुर्गव्वा फडकी घेऊन गाड्यांवर जायला लागली. लोक कुरकुरले. बाईमाणसानं गाडी घासायची म्हणजे काय? तेव्हा तिनं सांगून टाकलं की चकाकीचं मेण अजून त्याच्याच हातचं आहे, मी नुसती पुसणारी. त्यावर लोक गप बसले.

ते खोटंही नव्हतं. पातळ मेणाचा डबा दुकानातूनच यायचा, पण दुकानातलं मेण उघडून तसंच लावलं तर गाडीची कळा जाते. उभ्या डब्यात घट्ट मेण खाली बसतं आणि वर नुसतं पाणचट तेल राहतं. केदारी ते काचेच्या बाटलीत ओतून घ्यायचा. सकाळी पाणी कढत करून पातेलं चुलीवरून उतरवायचं, चुलीपासून चार हात लांब न्यायचं, मग त्यात बाटली अर्धा तास उभी करायची. जाळाजवळ बाटली नेली तर घर पेटंल, असं तो रोज एकदा तरी बजावायचा. नंतर बाटली आडवी-उभी सावकाश घोळायची. ताकागत घुसळली की फेस येतो, फेसाचे बुडबुडे काळ्या रंगावर देवीच्या वणांगत उठतात. घोळता घोळता केदारी बाटली कानाला लावायचा. तळाशी बसलेलं असलं की बाटली खळखळ वाजते. एकजीव झालं की आवाज जड होतो, म्हैस ओढ्यात बसल्यासारखा. मग तो म्हणायचा, "आयतु." म्हणजे झालं. तो शब्द ऐकल्याशिवाय दुर्गव्वा पायात चप्पल घालत नव्हती.

शेवटी शेवटी त्याच्या हातात बाटली उचलायचं बळ उरलं नाही. मग ती घोळायची आणि त्याच्या कानाशी धरायची. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मान हलवायचा. पुष्कळदा पहिल्यांदा नाहीच म्हणायचा.

दोन हजार एकची खंडेनवमी. पाच गाड्या आधीच्या चार दिवसांत उरकल्या होत्या. राहिली होती डॉक्टर पद्मनाभांची काळी अँबेसेडर. ती रोज दवाखान्याला जायची, म्हणून नवमीच्या सकाळीच मोकळी सापडायची. दहाला पूजा. आणि बाकीची पाचही घरं त्या घराकडं बघून चालणारी. डॉक्टरांच्या दारातून दुर्गव्वा सुटली म्हणजे गल्लीतून सुटली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहाटे उठून तिनं पाणी तापवलं, पातेलं उतरवलं, बाटली उभी केली. चहा घेऊन केदारीकडं गेली तर त्याचा हात थंड. छातीतली रोजची घरघर बंद झालेली. तीन वर्षं त्या घरघरीनं तिला झोप लागू दिली नव्हती. आता खोलीत पातेल्यातली बाटली तेवढी कलून काठाला किणकिणली.

तिनं चहा खाली ठेवला. शेजारच्या रुक्मिणीला हाक मारली. रुक्मिणीचा नवरा दुर्गव्वाच्या लेकीला, केलगेरी गावात दिलेल्या पद्माला, फोन करायला नाक्यावर गेला. पद्मा यायला अकरा तर वाजणारच. रुक्मिणी रडायच्या तयारीनं बसली आणि बघते तर दुर्गव्वा पातेल्यात बोट घालून पाणी निवलं का बघायलीय.

"हे काय करायलीस?"

"मेण बघायलोय. निवलं तर परत तळाला बसंल."

रुक्मिणी म्हणाली, मरू दे ती गाडी आज. दुर्गव्वा म्हणाली की आपण बुद्धाची माणसं, आपल्यात सुतक नाही, पण गाडीवाल्यांच्यात आहे. आज कळलं तर त्या पूजेच्या गाडीला ती मला हात लावू द्यायची नाहीत, दुसऱ्याला बोलावतील. आणि एकदा दुसऱ्याचा हात लागला की तो हात निघत नाही.

"त्याला मी पद्मा येईस्तोवर हलवणार न्हाई. तू बस त्याच्यापाशी. रडायचं तर हळू रड."

मग ती नवऱ्याच्या उशाशी बसली आणि बाटली घोळायला लागली. आडवी, उभी, आडवी, उभी. कानाला लावली. खळखळ. परत घोळली. आता जड वाटली, पण खरंच जड झाली का तिला तसं वाटत होतं? तिनं बाटली केदारीच्या कानाशी नेली, सवयीनं, आणि तिथंच धरून राहिली. रुक्मिणीनं पदर तोंडात कोंबला. दुर्गव्वानं बाटली मागं घेतली आणि पहिल्यांदा वाटलं त्यावर भरवसा न ठेवता आणखी शंभर वेळा घोळली. मग फेस बसावा म्हणून दहा मिनिटं हात मांडीवर ठेवून थांबली. नवरा मेल्यावर तिला निवांत बसायला तेवढीच दहा मिनिटं मिळाली.

डॉक्टरांच्या घरी गाडी धुऊन सावलीत लावलेली होती. तिनं तळव्यानं बॉनेट चाचपलं. थंड होतं. दाराच्या खालच्या कडेला, जिथं कुणी वाकून बघत नाही, एक थेंब लावून पुसला. डाग नाही. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं वीत-वीतभर जागा घेऊन पातळ मेण लावत गेली. पांढुरकं सुकलं की दुसऱ्या फडक्यानं पुसायचं. साडेनऊला काळ्या पत्र्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं. ते तिनं फार वेळ बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई श्यामलाक्का ताट घेऊन बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली आणि खूश झाल्या.

"केदारीचा हातच वेगळा गं. कसा आहे तो?"

"झोपलाय, अक्का."

पूजा झाली. घरातल्या सवाष्णींना कुंकू लावून झाल्यावर श्यामलाक्कांनी करंडा दुर्गव्वाकडंही सरकवला, ओट्याच्या कडेपर्यंत, हाताला हात लागणार नाही इतका लांबून. लावून घे म्हणाल्या, आज सणाचं. दुर्गव्वानं करंड्याकडं बघितलं. नको म्हणायला एकच कारण होतं आणि ते बोलता येत नव्हतं. तिनं मेणानं ओशट झालेलं बोट कुंकवात बुडवलं आणि कपाळाला टेकवलं. मेणामुळं कुंकू घट्ट बसलं.

घरी आली तेव्हा दारात माणसं जमलेली. पद्मा बापाच्या पायाशी होती. तिनं आईच्या कपाळाकडं बघितलं.

"कुणी लावलं हे?"

"मीच."

पद्मा त्या दिवशी तिच्याशी परत बोलली नाही. बाप मेलेला टाकून आई गाडी घासायला गेली, हे ती अजून विसरलेली नाही. दुर्गव्वानं ते कुंकू पदरानं पुसलं. निघेना. शेवटी टर्पेंटाईनचा बोळा लावावा लागला.

महिन्याभरात देशपांडे नगरात सगळं कळलं. श्यामलाक्कांनी गाडीवर गोमूत्र शिंपडलं, शांती करून घेतली आणि दुर्गव्वाला फाटकात उभं करून विचारलं, त्या दिवशी तो गेलेला होता का? ती व्हय म्हणाली. मग मेण कुणी केलं? मी केलं. श्यामलाक्कांनी मागं वळून गाडीकडं बघितलं. गाडी तशीच झळकत होती, त्याला इलाज नव्हता. शेवटी म्हणाल्या, इथून पुढं सणाच्या दिवशी येत जाऊ नको, आदल्या दिवशी ये, डॉक्टर त्या दिवशी रिक्षानं जातील.

गल्लीतली दोन घरं सुटली. चार राहिली. खंडेनवमीला दुर्गव्वा घरी बसते. बाटली धुऊन पालथी ठेवलेली असते.