प्रकाशाची तुटक रेघ

तापलेल्या राळेचा वास धुपाच्या किती जवळचा असतो, हे मला उतारवयात कळलं. चैत्रातल्या दुपारी, डोंबिवलीतल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून वृंदा सोल्डरिंग करत बसली होती. तिच्या हातातल्या तापल्या टोकाशी उठणारी धुराची निळसर रेघ खिडकीतल्या उन्हात क्षणभर तरंगायची आणि विरून जायची. बाहेर सोनमोहर फुलला होता, त्याच्या पिवळ्या पाकळ्या वाऱ्याबरोबर गॅलरीत येत होत्या, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतलेली माझी पत्नी एक चार्जर जन्माला घालत होती.

वृंदाने आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, मी महाविद्यालयात मराठी. निवृत्तीनंतर मला पक्षाघात झाला. वाचा परत आली, उजवा हात शाबूत राहिला. डावा पाय मात्र माझा राहिला नाही. मग बॅटरीवर चालणारी खुर्ची घरात आली आणि तिच्याबरोबर माझी संध्याकाळ परत आली. लिफ्टने खाली उतरायचं, मैदानाला वळसा घालून वाचनालयात जायचं, कुणाचा हात न धरता परतायचं. एवढंसं ते स्वातंत्र्य. पण ज्याचं एकदा हिरावलं गेलं आहे, त्याला त्याचा विस्तार आभाळाएवढा वाटतो.

विजेचा दाब अचानक वाढला आणि खुर्चीचा चार्जर जळाला. ज्या दुकानातून खुर्ची घेतली होती त्याला कुलूप लागलेलं. "मीच करते," वृंदा म्हणाली. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन-चार किरकोळ वस्तू. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवरचे हिरवे दिवे लागलेले पाहून मी तिला मनोमन नमस्कार केला.

त्या संध्याकाळी मैदानाच्या पुढच्या चढावर खुर्ची थांबली. आधी मंदावली, मग एक दीर्घ सुस्कारा टाकावा तशी निश्चल झाली. मागे हॉर्न वाजू लागले. घामाने माझी पाठ भिजली. तेवढ्यात एका रिक्षावाल्याने रिक्षा कडेला लावली.

"काका, टेन्शन नका घेऊ. बसा तसेच, मी ढकलतो."

त्याने मला थेट लिफ्टपर्यंत आणून सोडलं. त्याच्या प्रेमळपणानेच मी अधिक खचलो. घरी आल्यावर वृंदाला म्हणालो, "आता पुरे. मी बाहेर जाणार नाही."

चहा झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "बॅटरी अर्धीच भरते आहे. का, ते तरी मला बघू द्या."

दुसऱ्या दिवशी तिने बॅटरीकडे जाणाऱ्या तारेत मीटर जोडला. अपेक्षेच्या जेमतेम निम्माच प्रवाह वाहत होता. तिने बॅटरी तपासली, ती निर्दोष होती. तारा बदलल्या; काटा तिथेच. ट्रान्सफॉर्मरमधून निघणारा दाबही हवा तेवढा होता. मग ती बराच वेळ नुसती बसून राहिली, आणि एकाएकी उठून तिने भर दुपारी सगळे पडदे ओढून घेतले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

तिने बॅटरी सोडवली आणि तिच्या जागी लांब तारेच्या टोकाला एक इवलासा लाल एलईडी दिवा जोडला. त्या करड्या अंधारात तो शांतपणे, अखंड तेवत होता.

"हा धरा. आता हवेतून झपकन फिरवा."

मी उजवा हात फिरवला. अंधारात एक लाल रेघ उमटली. पण ती सलग रेघ नव्हती, तुटक टाके होते. त्या टाक्यांमध्ये जेवढा प्रकाश, तेवढाच काळोख होता. मी पुन्हा हात फिरवला, पुन्हा तेच. स्थिर वाटणारा तो दिवा प्रत्यक्षात दर क्षणी कितीतरी वेळा विझत होता आणि माझ्या डोळ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"भिंतीतून येणारी वीज सारखी दिशा बदलते," वृंदा अंधारात सांगू लागली. तिचा आवाज वर्गातला झाला होता. "एकदा पुढे, एकदा मागे. बॅटरीला मागची चालत नाही. म्हणून हे चार डायोड तिला वळवतात. दोघे पुढच्या लाटेला, दोघे मागच्या लाटेला. इथे मागची लाट वळतच नाहीये. म्हणून प्रत्येक लाटेमागे एक रिकामी जागा."

पडदे उघडून तिने बारीक लाकडी काडीने एकेक डायोड दाबून पाहिला. तिसऱ्याला स्पर्श होताच दिवा ठळक झाला. त्याच्या पायाशी सोल्डर बसल्यासारखं दिसत होतं, पण धातूला धातू भिडलाच नव्हता. "माझंच काम!" म्हणत ती खळखळून हसली. टोक तापवलं, टेकवलं, फुंकर घातली.

पुन्हा पडदे. पुन्हा माझा हात. या वेळी अंधारात जी रेघ उमटली तिच्यातल्या फटी केसाएवढ्या होत्या; सांधा दिसतो न दिसतो तोच पुढचा प्रकाश सुरू. मी ती काढतच राहिलो: वर्तुळं, वेलांट्या, नुसते फराटे. या भिंतींच्या आत इतकी वर्षं हे अविरत भरती-ओहोटीचं पाणी वाहत होतं, आणि मी त्याच्या उजेडात पुस्तकं वाचत बसलो होतो! वृंदा माझ्याकडे पाहत नव्हती. ती रेघेकडे पाहत होती, ओठ किंचित विलग, जणू हे ती स्वतःही पहिल्यांदाच पाहते आहे.

बॅटरी जोडल्यावर काटा सरळ वर चढला आणि तिथे थांबला.

एक दिवस मध्ये जाऊ देऊन मी निघालो. वृंदा दारापर्यंत आली, खाली आली नाही. चढ आला, खुर्चीचा आवाज थोडा जड झाला, आणि चढ संपला. वाचनालयाशी वळायचं सोडून मी सरळ पुढे गेलो, जिथे आजारपणानंतर कधीच गेलो नव्हतो. भेळेच्या गाडीवर कैरी चिरली जात होती, तिचा आंबट वास हवेत होता. त्यापलीकडे रस्ता रुंद होत गेला.

फोन वाजला.

"कुठवर गेलात?"

मी आजूबाजूला पाहिलं. नव्या इमारती, नवी वळणं. ओळखीची एकही खूण नाही. भीती वाटायला हवी होती.

"नीट सांगता येत नाही," मी म्हणालो. "पण अजून चालतेय."

फोनच्या दुसऱ्या टोकाशी तिचा श्वास ऐकू येत होता.

"मग जा की पुढे," ती म्हणाली.