टेकाडातल्या माणसाच्या दाढा

आमची आई, रमा, लग्न होऊन वर्ध्याहून भिलाईला आली तेव्हा जेमतेम सोळाची होती. तिच्या घरात एरवी काहीही खपायचं, पण मेलेल्याच्या अस्थी उंबऱ्याच्या आत येता कामा नयेत. त्या झाडाला टांगायच्या आणि नदीत सोडायच्या, यावर वाद नाही.

आणि चौऱ्याण्णव साली मी नेमकं तेच केलं. कुम्हारीजवळच्या टेकाडात खोदताना सापडलेल्या प्राचीन माणसाच्या दोन दाढा पुडीत बांधून घरी आणल्या आणि डब्यात ठेवल्या. दात बनताना जिथलं अन्नपाणी पोटात जातं, तिथल्या मातीची खूण त्यात कायमची राहते. एक दाढ बाळपणी बनलेली, दुसरी अक्कलदाढ, वयात येतानाची. दोन्ही तपासल्या की तो कुठे जन्मला आणि इकडे लहानपणी आला की मोठेपणी, हे कळणार होतं. माझं सगळं संशोधन त्यांच्यावर अडलं होतं.

सकाळी पाहते तर पुडी गायब. आईने ती अंगणातल्या कडुनिंबाला टांगून, वर शेजारच्या तेजरामकडे सोपवलीही होती. तो वडिलांच्या अस्थी राजिमच्या संगमावर सोडायला निघाला होता.

"कोनाचं तरी लेकरू हाय ते," आई म्हणाली. "डब्यात कावून ठेवून राहिली तू?"

माझं डोकंच फिरलं. तिला लुनावर मागे बसवून पावर हाउसचा बस-स्टँड गाठला. रायपूरची बस सुटायच्या बेतात होती. तेजराम खिडकीशी बसला होता.

"सौंपी हुई अस्थि लौटाते नहीं," तो म्हणाला. मग जरा नरमला. "जाँच के बाद वापस लाओगी? तब मैं ही नदी में सिरा दूँगा."

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण तपासात दाढेची भुकटी होऊन आम्लात विरघळते. आईसमोर खोटं बोलवेना, खरं ते सांगून टाकलं, कोणती दाढ काय सांगते तेही. तेजराम आईकडे बघू लागला. पुडी तिने दिली होती, मागायचीही तिनेच. कंडक्टरने दार आपटलं.

"जन्माची कोनती?" आईने विचारलं. तेजरामने खिडकीतून पुडी उघडून धरली, मी झिजलेली दाढ दाखवली.

"तेवढी दे भाऊ. दुसरी ने. मानसाले पानी भेटलं पायजे."

"आई, दोन्ही लागतात गं," मी म्हणेपर्यंत एक दाढ हातात आली आणि बस हललीसुद्धा. त्यानंतर कितीतरी दिवस मी आईशी धड बोलले नाही, इतका राग होता.

पुढे अहवाल आला. टेकाडातला तो माणूस इथला नव्हता, कुठल्या तरी दूरच्या मातीत जन्मला होता. सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती.

"इकडे आला तवा केवढा होता?"

"ते दुसऱ्या दाढेत होतं."

तिचे हात थांबले.

"लहानच असन," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना. "मायले सोडून आला असन. माय, तू मले वर्ध्यालेच धरून कावून नाही ठेवलं?"