धुतलेले रोडगे

नवी नवरी म्हणून पुण्यात उतरल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर माहेरचे रोडगे नळाखाली धुतले. चांगले चोळून. साबण तेवढा लावला नाही, एवढीच अक्कल.

आदल्या संध्याकाळी अकोल्याच्या फलाटावर आईनं डबा दिला होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, अंगाला जराशी राख. गाडी हलली तरी ती खिडकीशी चालत सांगतच होती, "राख झटकजो, तूप चोपडजो, अन् कोणाले लाजू नको."

मी लाजलेच. सासूबाईंना राख दिसू नये म्हणून धुतले, त्यांचा लगदा झाला, आणि "गाईसाठी आणलंय" म्हणून मी बाईसाहेब मोकळी! पुढचा मूर्खपणा दिवाळीत केला. अकोल्याला, जठारपेठेतल्या माहेरी जाऊन धाकट्या भावाला, बंडूला, हे सगळं सांगितलं. तेव्हापासून तो हा किस्सा प्रत्येक लग्नात सांगतो.

हळूहळू माझ्या बोलण्यातलं 'मले-तुले' गेलं, आमटीत गूळ आला. तुमच्यापैकी जे वऱ्हाडातून बाहेर पडले, त्यांनीही काही ना काही धुतलंच असेल. खरं सांगा.

आणि आता गंमत बघा. पुण्यात जन्मलेली माझी नात रेवा, चांगली हॉटेलातली नोकरी सोडून, अमरावतीत भर बाजारात फ्यूजन रेस्टॉरंट उघडून बसली. बेसनाच्या पातोडीच्या झणझणीत रश्श्यात पास्ता, अंबाडीचा पेस्तो आणि चीज भरलेला रोडगा! मी उद्घाटनाच्या कितीतरी आधी बॅग भरून हजर. एप्रन घालून इतकी मिरवत होते की आचारी मलाच शेफ म्हणायला लागले.

धाकधूक एकच होती. बंडूनं फोनवर बजावलं होतं, "पोरीसाठी येतो. पण रोडग्यात चीज दिसलं तं ताटावरून उठीन." तो जीप भरून नातेवाईक आणणार होता, आणि तो उठला की अख्खी जीप उठणार. पहिल्याच दिवशी घरचेच उपाशी उठले, तर गावात काय राहील पोरीचं?

त्यात रेवानं रोडगे ओव्हनमध्ये भाजलेले. गोरेगोमटे, राखेचा कण नाही.

"अगं, हे तर मी धुतल्यासारखे दिसतात," मी म्हटलं.

"मग आता काय करायचं, आजी?"

मागच्या अंगणात गोवऱ्या रचल्या. धुरानं डोळे चुरचुरले, मेकअप वाहून गेला, पण हात काही विसरले नव्हते. चीज भरलेले नवे रोडगे निखाऱ्यात खरपूस झाले. मी ते फडक्यात झटकले, तुपात बुडवले. पण जरा कमीच झटकले. मुद्दाम.

उद्घाटनाच्या दुपारी बंडू मिशा पुसत ताटावर बसला. सगळी जीप त्याच्या ताटाकडे बघत होती, आणि रेवा दाराआडून. त्यानं रोडगा उचलला, सवयीनं फुंकर मारली, फोडला. चीजची लांब तार निघाली. तो थबकला. मग घास घेतला. चावला. पुन्हा चावला.

घर कुठलं, पुणं की अकोला, असं मला कोणी विचारलं की मी आता गोंधळत नाही. आपली फजिती ज्याला तोंडपाठ आहे, असा माणूस जिथं जेवायला येतो ते घर.

बंडूनं न विचारता दुसरा रोडगा ओढला. बोटाला लागलेली राख निरखली आणि भरल्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाला, "काहून वं ताई, इथं नळाले पाणी नाही का?"